आत्यांची जीभ आणि बोडीची मासोळी

आमच्या घरात आत्यांच्या जिभेचा निकाल शेवटचा. त्यावर अपील नाही. भात शिजला की कच्चा राहिला, सोयरीक करावी की टाळावी, सून कामाची की नुसती बोलाची, सगळं त्या जीभ टाळूला लावून एकदा 'च्यक्' करतात आणि ठरवून टाकतात. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण. लग्न होऊन सौंदडला गेल्या त्याला उभा जन्म झाला, पण माहेरावरचा ताबा काही त्यांनी सोडलेला नाही. सासूबाई गेल्यापासून तर मंडईच्या दिवशी आमची चूल त्यांच्याच हातात असते आणि आम्ही दोघी जावा त्यांच्या हाताखाली.

आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी सरली की अर्जुनीच्या आसपासची गावं आपापला एकेक दिवस धरून मंडई भरवतात. दिवसा बाजार, रात्री नाटक आणि घराघरात पाहुणे. पोरींना पाहायला येणारेही याच गर्दीत येतात आणि पोरी नको म्हणून जाणारेही याच गर्दीत जेवून जातात. त्या दिवशी ज्या घरी मटण नाही की मासोळी नाही, त्या घराला पुढची मंडई येईपर्यंत नावं ठेवली जातात.

आता लहानीची ओळख करून द्यायला हवी. लहानी म्हणजे माझी धाकटी जाऊ, आणि मी मोठी. पोरगी सोन्यासारखी, पण तोंडाची फटकळ. ती नेहमी खरंच बोलते, पण ओरडून बोलते, त्यामुळे तिचं खरंही भांडणासारखं ऐकू येतं. मी तिच्या उलट. मी गोड बोलते आणि कधीकधीच खरं बोलते. त्यामुळे आमचं छान जमतं.

शेताच्या खोलगट कडेला आमची एक बोडी आहे, म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहानसं तळं. मामाजी, म्हणजे आमचे सासरे, ती दरसाल शिंगाड्याच्या वेलांसाठी दुसऱ्याला देऊन टाकायचे. लहानी कुठूनसं मासोळीपालनाचं शिकून आली आणि तिनं ती बोडी मागितली. मामाजी बोलायला फार कंजूष. विडीचा झुरका घेतला, धूर सोडला आणि म्हणाले, "एक मंडई पाहतो. गावानं खाल्ली त बोडी तुही. नाई खाल्ली त शिंगाड्याले देऊन टाकतो." विषय संपला.

तेव्हापासून लहानीनं त्या बोडीत जीव ओतला. कतला वरच्या पाण्यात राहते, रोहू मधल्या, मिरगल तळाशी. "एका घरात तीन बिऱ्हाडं, आन भांडन नाई. आपल्यावानी नाई," असं ती मला ऐकवायची. बोडीला झेपतील तेवढीच पिलं टाकायची, हा तिचा नेम. शेजारच्यानं सांगितलं, दुप्पट टाक, दुप्पट निघन. तर म्हणाली, "तुह्या खोलीत दुप्पट मानसं झोपव, मंग सांग." संध्याकाळी घरच्या धानाचा कोंडा आणि ढेप, म्हणजे पेंड, कालवून ती काठाच्या पाळीवर उभी राहायची आणि बोडीचं पाणी उकळल्यासारखं हलायचं. मासोळ्या आपल्या पावलांचा आवाज ओळखतात, असं ती अभिमानानं सांगायची. माझ्या मते त्या तिची बडबड ओळखत असाव्यात. जुनं पाणी वांग्यांना जायचं, आणि त्या साली वांगीही अशी आली की विचारू नका.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि ऐन दिवाळीत तो व्हिडिओ आला.

तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस मासोळीच्या पोटात इंजेक्शन खुपसतो आणि मागून कुणी बाई रडक्या हिंदीत सांगते, पाली हुई मछली खाओगे तो मरोगे. माणूस कुठला, मासोळी कुठली, कशाचा पत्ता नाही. ज्याला स्वतःचं तोंड दाखवायची लाज वाटते त्याच्यावर गाव इतकं कसं भाळलं, हे मला आजही कळलेलं नाही. पण भाळलं खरं. मी दळण घेऊन चक्कीवर गेले तेव्हा बोडीची मासोळी फक्त सुईची होती. दळण होईपर्यंत ती रबराची झाली, आणि पीठ डोक्यावर घेऊन मी निघाले तेव्हा तिनं एका माणसाचे केसही घालवले होते. तो माणूस कोण, असं विचारलं तर सगळे म्हणाले, आपल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडचा आहे. आमच्याकडे न घडलेलं सगळं गोरेगावकडे घडतं. गोरेगावच्या लोकांना विचारलं तर ते म्हणत असतील, अर्जुनीकडे.

लहानी दारोदार भांडली. "एवढ्या मासोळ्या! एकेकीले धरून सुई टोचाले मी का दवाखाना खोलला? ते पान्यात हाती तरी लागते का?" कुणी म्हणे, कोंबडीची घाण खाऊ घालतात. त्यावर तिनं नाही म्हणावं की नाही? तर म्हणाली, "कोनी कोनी टाकते, नाई म्हनत नाई. त्यायचं पानी दुरूनच वास मारते. माह्या बोडीवर या ना, वास घ्या, पाहा. कोन अडवते तुमाले?" झालं. गावानं त्यातलं 'नाई म्हनत नाई' एवढंच उचललं आणि घरी नेलं.

खरी गंमत तलावाची. गावाला लागून मालगुजाराच्या काळातला मोठा तलाव आहे आणि तलावाची मासोळी म्हणजे देवाची, आपोआप झालेली, असं साऱ्या गावाचं ठाम मत. आता दर पावसाळ्यात मासेमार सोसायटीचे लोक हवा भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून बोटाएवढी पिलं आणतात. पाळीवर हळदकुंकू होतं, नारळ फुटतो, पिलं पाण्यात सोडतात आणि सगळं गाव खोबरं खात उभं राहतं. तेच खोबरं दातात असताना गाव म्हणतं, आपोआप झाली! जिथून सोसायटीची पिलं येतात तिथूनच लहानीचीही येतात. आणि एका साली तर तलावावर नारळ फोडायचा मान खुद्द आमच्या आत्यांना मिळाला होता.

मंडईच्या आदल्या दिवशी आत्या सौंदडहून आल्या. हातात पिशवी, पिशवीत मोबाईल, मोबाईलात तो व्हिडिओ. पाय धुवायच्या आत त्यांनी तो आम्हाला दाखवला आणि जाहीर केलं, "उद्या तलावाची मासोळी पायजे. बोडीचीले मी हात लावत नाई."

लहानी उसळली. नारळाची आठवण तिनं तिथंच करून दिली. "तुमीच त फोडला होता आत्या! ते पिलं काय आभाळातून पडले?"

आत्या शांत. "तलावात टाकली का तलावाची झाली. लगन लावून आनली का पोरगी सासरची होते. मंग मायेर कोनी इचारते का?"

माहेरच्या चुलीपाशी पाट टाकून, माहेरच्या सुनांना हुकूम सोडत त्या हे सांगत होत्या. मी पदरात तोंड लपवलं. लहानीला मात्र हसू आलं नाही. ती मागच्या अंगणात जाऊन विहिरीजवळच्या सिमेंटच्या हौदाकडे बघत बसली. विकायच्या मासोळ्या तिनं त्यात स्वच्छ पाण्यात सोडल्या होत्या, उपाशी, म्हणजे अंगाचा चिखलाचा वास निघून जातो. मी जवळ गेले तर म्हणाली, "बाई, आत्यानं नाई रांधली त गाव घेत नाई. गावानं नाई घेतली त मामाजी बोडी देऊन टाकतात." डोळे पुसले नाहीत तिनं, पाण्यातच हात घालून बसली. मला इतका राग आला. व्हिडिओचा, आत्यांचा, गोरेगावच्या त्या टकल्याचा, सगळ्यांचाच.

माझा राग भांडणात जात नाही. तो उचापतीत जातो.

मंडईच्या दिवशी सकाळीच लहानी घमेलं भरून मासोळ्या घेऊन बाजारात जाऊन बसली. मी आत्यांना म्हटलं, तलावावर जाळं पडलं आहे, मी घेऊन येते. घमेलं घेतलं, पुढच्या दारानं निघाले, वळसा घालून मागच्या अंगणात आले आणि हौदातल्या चांगल्या तजेलदार रोहू काढल्या. मग घमेलं झाकून खरोखरच तलावावर गेले. पाय घोट्यापर्यंत चिखलात बुडवले, लुगड्याचा काठ भिजवला आणि ओंजळभर शेवाळ अन् कमळाची दोन पानं काढून मासोळ्यांवर पसरली. देवळात जाताना पूजेचं ताट सजवावं तसं ते घमेलं मी सजवलं. परत येताना वाटेत मला कुणी विचारलं असतं तर मी तलावाचा सातबाराही दाखवला असता.

आत्यांनी वरचं शेवाळ उचललं, नाकाशी धरलं आणि त्यांचे डोळे मिटले. "हा! असा वास पायजे तलावाचा."

शेवाळाला शेवाळाचा वास येणार, दुसरा कसला येईल? पण मी मान डोलावली.

मग त्यांनी रांधलं. ते मात्र कबूल करावं लागेल, आत्यांसारखी मासोळी आमच्या पंचक्रोशीत कुणी रांधत नाही. लसणाचं वाटण, चिंचेचं आंबट, लाल तिखट, आणि मासोळी तुटू नये म्हणून पळी न घालता सारं गंज, म्हणजे पातेलंच, धरून हलवायचं. मीठ बघता बघता त्यांनी वाटीभर रस्सा संपवला आणि जीभ टाळूला लावून 'च्यक्' केलं. "हे पाह्य, मोठे, ह्याले म्हनते चव. बोडीचीत हे येत नाई." मी म्हटलं, "कशी येईल आत्या?" आणि आत जाऊन भिंतीला डोकं टेकवून पोटभर हसले.

माझा बेत सोपा होता. पाहुणे जेवतील, ढेकर देतील, आत्यांची वाहवा करतील, आणि सुपारी कातरताना मी हळूच सांगीन, ती बोडीची होती. तोवर मासोळी पोटात गेलेली असणार. पोटात गेलेल्या मासोळीशी कुणी वाद घालत नाही. बेतात एकच चूक होती. मी लहानीला सांगितलं नव्हतं.

पहिली पंगत बसली. पुरुष पाहुणे, मधोमध मामाजी, पत्रावळींवर भात वाढून झालेला. आत्या गंज घेऊन उभ्या. आणि दारातून लहानी आली. डोक्यावरचं घमेलं सकाळी होतं तसंच, काठोकाठ भरलेलं. बाजारात तिच्याकडे एक माणूस फिरकला नव्हता. घमेलं ओसरीवर ठेवून ती हातपाय धुवायला मागे गेली आणि लगेच परत आली.

"माह्या हौदातल्या रोहू कुठं गेल्या?"

मी डोळे मोठे केले. भुवया वर नेल्या, खाली आणल्या. ओठ चावला. लहानीनं माझ्याकडे पाहिलं, गंजाकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या शेवाळाकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. मला वाटलं, आता ती हसेल. ती पेटली.

"माही मासोळी तलावाच्या नावानं खाऊ घालता? मी काय चोरी केली का तिचं नाव लपवाव? नोको! खाऊ नोका कोनी! जे खाईन ते बोडीची म्हनून खाईन, नाई त उठा!"

एका पाहुण्यानं भातातून हात काढला. दुसऱ्यानं पत्रावळ थोडी पुढे सरकवली, म्हणजे ती त्याची नाहीच. मामाजींनी आत्यांकडे पाहिलं, आत्यांनी माझ्याकडे, आणि मी छपराच्या कवेलूंकडे पाहू लागले. घराची अब्रू आणि बोडी दोन्ही मी एकाच घमेल्यात घालवली, असं मला त्या घटकेला वाटलं. मनातल्या मनात मी लहानीला शिव्या घातल्या. दोन घास! दोन घास थांबली असती ही बाई!

आत्यांनी गंज खाली ठेवला. मला वाटलं, आता उकिरड्यावर जाणार. पण त्यांनी लहानीला समोर बोलावलं.

"खरं सांग. सुई टोचली?"

"नाई."

"कोंबडीची घान?"

"नाई."

"मंग खाते काय ते?"

"कोंडा आन ढेप. आपल्याच धानाचा कोंडा." इथं थांबायला काय हरकत होती? पण लहानीच ती. "आन बोडीत मी शेन टाकतो."

पंगतीत कुणीतरी घसा खाकरला. मी डोळे मिटून घेतले. इंजेक्शनातून वाचलो आणि शेणात पडलो, असं झालं.

"शेन?" आत्या म्हणाल्या.

"हो, शेन. त्यानं पानी हिरवं होते. ते हिरवं खाऊन मासोळी मोठी होते. पोटात शेन जात नाई तिच्या. तरी मी लपवत नाई. टाकतो म्हंजे टाकतो."

आत्यांनी पत्रावळीवरच्या पांढऱ्या भाताकडे पाहिलं. मग सगळ्या पंगतीकडे नजर फिरवून म्हणाल्या, "काय गा, ह्या भाताच्या बांधीत काय टाकलं होतं? अत्तर?"

सगळे धानकरी. प्रत्येकाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, शेणखत. ज्याच्याकडे शेणखत जास्त त्याची शेती चांगली, असं तिथं बसलेला प्रत्येक जण आयुष्यभर म्हणत आलेला. "शेनावरचा भात गोड लागते," आत्या म्हणाल्या, "त शेनावरची मासोळी काऊन नाई लागन?"

आणि मग आमच्या घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं ते त्यांनी केलं. आमच्याकडे रांधणारी बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. आत्या तर शेवटल्याही शेवटी. त्या दिवशी त्यांनी पुरुषांच्या पंगतीसमोर पाट ओढला, स्वतःला पत्रावळ घेतली, स्वतःच भात वाढला, रोहूचं डोकं घेतलं आणि मांडी घालून बसल्या.

"थांबा तुमी. मरन त पयले मी मरीन."

त्या जेवल्या. सावकाश, काटे वेचत, बोटं चाटत. सगळी पंगत हात बांधून बघत बसली. पाहुण्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं, पण आत्या जिवंत राहतात की नाही हे बघितल्याशिवाय हात घालायची सोय नव्हती. मधेच त्यांना ठसका लागला तेव्हा दोघे तिघे उठून उभेच राहिले. तो ठसका माझ्या मते त्यांनी मुद्दाम काढला. त्या पाणी प्यायल्या, त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला आणि मला म्हणाल्या, "मोठे, तुह्या शेवाळाचं मंग पाहतो." ते त्यांनी अजून पाहिलेलं नाही, पण मी अजूनही घाबरून आहे.

मग मात्र पंगत जेवणावर तुटून पडली. गंजाचा तळ दिसला तेव्हा एक पाहुणा भात घालून तो पुसत होता. आत्यांनी हात धुतले, पिशवीतून मोबाईल काढला आणि जिथं तो व्हिडिओ फिरत होता त्याच सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांच्या ग्रुपवर बोलल्या. मोबाईल लांब धरून, गावाला हाक मारावी तशा मोठ्यानं. "मी बोलून राहिली. लहानीच्या बोडीची मासोळी जेवली. भरपूर जेवली. जिती आहो. ज्याले पायजे त्यानं येऊन पाहाव." एवढंच. व्हिडिओतल्या त्या बाईचं रडणं सगळ्यांनी ऐकलं होतं, आता आत्यांचा ढेकरही ऐकला. ढेकर जास्त दूर गेला असं म्हणतात. मला तरी खरं वाटतं.

मी आजही म्हणते, माझी युक्ती वाईट नव्हती. पण युक्तीनं सुपारीपुरतं जिंकता आलं असतं. आत्यांनी उद्या पुन्हा तलावाचीच मागितली असती, आणि मी दर मंडईला शेवाळ आणायला जात राहिले असते. लहानीनं सगळ्यांच्या देखत शेण कबूल केलं म्हणून ते टळलं. हे मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही. आधीच ती भारी आहे.

लहानी तोवर परत ओसरीवर घमेल्यापाशी जाऊन बसली होती. जेवली नव्हती. आत पंगत कशी जेवली ते तिनं दारातून पाहिलं होतं, पण ज्यांच्या हातात बोडी होती ते मामाजी अजून काही बोलले नव्हते. ते जेवून उठले. हात पुसले. विडी काढली, पेटवली नाही, कानावर ठेवली. पायात वहाणा घातल्या. मग वाकून त्यांनी ते भरलेलं घमेलं उचललं आणि आपल्या डोक्यावर घेतलं. आमच्या गावात सासरा सुनेबरोबर रस्त्यानं चालत नाही, दहा पावलं पुढे जातो. ते तसेच पुढे निघाले, सुनेचं घमेलं डोक्यावर घेऊन, भर मंडईतून. लहानी मागून धावली, आणि तिच्या मागून मी, खरकटी भांडी तशीच टाकून.

बाजाराच्या मधोमध त्यांनी घमेलं उतरवलं. लोक थांबले. आणि दिवसाकाठी चार शब्द बोलणारा हा माणूस मान वर करून ओरडला, "बोडीची आहे, बोडीची! माह्या सुनेच्या बोडीची! तलावाची पायजे त्यानं समोर जाव!"

लहानीनं तराजू उचलला, पण आता मात्र ती पदरानं डोळे पुसत बसली, आणि पहिल्या माणसाची मासोळी मला मोजून द्यावी लागली.